लाल दिव्याची वही

नाशिकहून गिरणारे मागे टाकून हरसूलकडे निघालं की वाघेऱ्याचा घाट लागतो. त्या पट्ट्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. एक संगणक, एक प्रिंटर, बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र आणि भिंतीवर नेटचा पांढरा डबा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची केवायसी, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं या डब्यातून जातं.

जुलै २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले. आधी शेवटची तारीख १५ जुलै होती. ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, पण वाढल्याची खात्री गावाला पटेपर्यंत बायांची झोप उडाली होती. दिवस आवणीचे, म्हणजे भातलावणीचे. चिखलाने भरलेले पाय ओटीवर धुऊन, इरलं दाराशी टेकवून बाया रांगेत बसायच्या. एका दिवसाची आवणी बुडाली म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तेवढ्यात डब्यावरचा छोटा दिवा लाल झाला. त्या दिव्याखाली एलओएस अशी तीन अक्षरं असतात. तारेतून प्रकाशाचा संकेत येत नाही, असा त्याचा अर्थ. त्या वेळी मला तो अर्थही माहीत नव्हता. डबा बंद करून चालू केला, वायर काढून लावली, दिवा लालच. ग्रामपंचायतीतला डबाही लाल.

तो अकरा दिवस लाल राहिला.

मोबाइलला रेंज फक्त टेकडीवरच्या देवळापाशी यायची, तीही पाऊस उघडला तर. मी बायांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीने गिरणारेला न्यायचे, तिथे ओळखीच्या केंद्रात बसून जमतील तेवढे अर्ज भरायचे. पण ज्या अर्जाला बाईच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागायचा, तो मोबाइल गावात आणि गावात रेंज नाही. एक म्हातारी रोज संध्याकाळी येऊन विचारायची, “ताई, माझा कागद वर पोचला का?” तिला काय सांगायचं ते सुचायचं नाही. तिचा अर्ज अखेर ऑगस्टमध्ये गेला, पैसेही मिळाले. पण त्या अकरा दिवसांत तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेमुळे मी या कामात पडले. नेट हा शहरातल्या पोरांच्या करमणुकीचा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती रांग बघायला हवी होती.

मी तक्रार केली. तक्रार करायलाही टेकडी चढावी लागली, कारण कंपनीचा क्रमांक लागायला रेंज हवी आणि ॲपवर नोंदवायची तर नेट हवं. पुढे माहितीचा अधिकार, केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल असं सगळं करताना हेच जाणवत राहिलं. २०१५ मध्ये नेट समानतेच्या, म्हणजे नेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक मिळावी या प्रश्नावर देशभरातून १० लाखांहून जास्त ई-मेल ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला ट्रायने बंदी घातली. मोठं काम झालं. पण ते ई-मेल पाठवणाऱ्यांच्या हातात नेट होतं. आमच्या प्रश्नावर आवाज उठत नाही, कारण तो उठवायचा रस्ताच बंद पडलेला असतो.

दोन दिवसांनी टेकडीवर गेले तर मोबाइलवर संदेश आला होता : आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. खाली येऊन पाहिलं, दिवा लाल. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच संदेश. तिसऱ्या वेळी मी फोनवर भांडले. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, “मॅडम, माझ्याकडे सिस्टिममध्ये क्लोज दिसतंय.” तिच्यावर राग काढून उपयोग नव्हता, ती कुठल्या तरी दुसऱ्याच शहरात बसलेली. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. आमचं भांडण एका कंपनीशी नव्हतंच, हे पुढे कळत गेलं.

या टप्प्यावर एक माणूस भेटला नसता तर मी दमून गप्प बसले असते. माझ्या मावसबहिणीच्या इमारतीत, नाशिकरोडला, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. आयुष्यभर केबलच्या मागे फिरलेला माणूस. मी तावातावाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “दिवा किती तारखेला, किती वाजता लाल झाला?”

मला सांगता आलं नाही. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, एवढंच.

“मग तुमच्याकडे तक्रार नाही, नुसता वैताग आहे,” काका म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक रेघ ओढली आणि तिच्यावर मणी काढले. तालुक्याच्या ठिकाणी मुख्य यंत्र. तिथून निघालेली फायबरची तार एका ग्रामपंचायतीतून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. “माळ आहे ही. मध्ये कुठे तुटली की पुढचे सगळे मणी गेले. आणि वरच्या ऑफिसला कळतं ते एवढंच की अमुक मणी बंद आहे. तार तुटली, की गावात लाइट नाही, की कुणी पिन काढून मोबाइल चार्जिंगला लावला, ते तिथून नेहमी कळत नाही. ते तुम्ही सांगायचं.”

मग त्यांनी मला दोन गोष्टी करायला सांगितल्या. एक म्हणजे वही. तिच्यात चार रकाने : तारीख, वेळ, दिवा कोणता, आणि त्या वेळी गावात लाइट होती की नव्हती. दुसरी गोष्ट, ही वही एकटीने ठेवायची नाही. माळेतल्या वरच्या आणि खालच्या गावांतही कुणाला तरी ठेवायला लावायची.

तक्रारीच्या नियमांचं ज्ञानही मला तिथेच मिळालं, आणि ते प्रत्येक ग्राहकाला असायला हवं म्हणून इथे सविस्तर लिहिते. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. पण त्यांच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात. आधी तक्रार केंद्र, तिथे मिळतो तो डॉकेट क्रमांक. तो लिहून ठेवायचाच. तिथे समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करायचं. त्याला पैसे लागत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. शिवाय त्या जुलैमध्ये लागू असलेल्या २००६ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत भाड्यातल्या सवलतीचं कोष्टकच होतं. बिघाड तीन कामकाजी दिवसांपेक्षा जास्त राहिला तर सात दिवसांचं भाडं माफ, सातपेक्षा जास्त राहिला तर पंधरा दिवसांचं, पंधरापेक्षा जास्त राहिला तर महिन्याचं. (१ ऑक्टोबर २०२४ पासून या जागी नवे नियम आले.) माझ्या बिलात असलं काही कधीच दिसलं नव्हतं. मी अपील केलं. तिन्ही डॉकेट क्रमांक लिहिले, सोडवल्याचे तिन्ही संदेश जोडले. पाच आठवड्यांनी उत्तर आलं आणि पुढच्या बिलात पंधरा दिवसांचं भाडं वजा झालं. अडीचशेच्या आसपास रुपये. त्या बिलाची प्रत मी केंद्राच्या भिंतीवर लावली. रक्कम छोटी होती, पण अकरा दिवस आमचं नेट बंद होतं हे पहिल्यांदा कुणीतरी लेखी कबूल केलं होतं.

१ ऑगस्टपासून वह्या सुरू झाल्या. आमच्या गावात मी. वरच्या गावात शाळेतले मास्तर. खालच्या दोन गावांत अंगणवाडीताई आणि तिच्या पुढच्या गावातली आशाताई. अंगणवाडीताई लगेच तयार झाली, कारण पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर रोजची नोंद भरली नाही की वरून फोन तिलाच येतो. मास्तरांना पटवावं लागलं. “वही लिहून नेट येतं होय?” असं ते म्हणाले, पण त्यांनीच सगळ्यात नीट लिहिलं, खाली सहीसुद्धा रोज.

पहिल्या महिन्याअखेर आम्ही चार वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा जे दिसलं, ते आमच्या बाजूचं नव्हतं. नेट बंद असण्याच्या वेळांपैकी जवळजवळ अर्ध्या वेळा लाल दिवा नव्हताच. डब्यात वीजच नव्हती. ग्रामपंचायतीतल्या डब्याला दिलेल्या बॅटऱ्या दोन गावांत मेलेल्या. एका ठिकाणी सौर पाट्यांवर कौलं काढून ठेवलेली. आमच्याच ग्रामपंचायतीत डब्याची खोली बंद आणि किल्ली ज्याच्याकडे तो शिपाई सुट्टीवर, त्यामुळे लाइट आली तरी पडलेलं बटण कुणी वर केलं नव्हतं. सरपंचताईंसमोर हे मांडताना मला अवघड झालं. पण त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “आपलं आधी नीट करू. नाही तर साहेबासमोर पहिल्या प्रश्नालाच गप्प बसू.” आठवड्याच्या आत खोलीची दुसरी किल्ली केंद्रात आली, आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून बॅटरी बदलली. मोहिमेतलं हे पहिलं यश, आणि ते मिळवायला कुणाकडे अर्ज करावा लागला नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा ठरलं. सोपं गेलं नाही. एक वडीलधारे बाबा उठले आणि म्हणाले, उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बाया दरीत उतरतात आणि तुम्ही नेटचं काय घेऊन बसलात? त्यांचं खोटं नव्हतं. मी तयारी करून गेले होते, पण त्या वाक्यापुढे माझे सगळे मुद्दे हलके वाटायला लागले. उत्तर दिलं ते एका मजूर बाईने, जी दिवाळीनंतर गिरणारेच्या मजूर बाजारात उभी राहून द्राक्षबागेच्या कामाला जाते. ती म्हणाली, “बाबा, रेशनला अंगठा लागला नाही तर तुम्हीच मला परत पाठवता ना? मग ते पण पाण्यासारखंच झालं.” रेशनचं ई-पॉस यंत्र, पीएम किसान, ई-पीक पाहणी, हे सगळं सरकारने मोबाइलवर आणि नेटवर आणलं ते आम्हाला विचारून नाही. आता तेच नेट मागणं ही चैन कशी?

मी मग पैशांचं सांगितलं. गावागावात फायबर न्यायची योजना केंद्राच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, तेव्हा तिचं नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं. पुढे ती भारतनेट झाली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायचं लक्ष्य. पैसा येतो तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातल्या ठरावीक वाट्यातून : समायोजित उत्पन्नाचे ५ टक्के. या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे नाशिकच्या कॉलेज रोडवर बसून रिचार्ज करणारा पोरगा आणि टेकडीवर रेंज शोधत रिचार्ज करणारा आमचा पोरगा, दोघांच्या पैशांतून तो भरतो. हे ऐकल्यावर सभेत कुजबुज झाली. आपण फुकट मागत नाही आहोत, हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. ठराव मंजूर झाला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मजकूर लिहिताना “नेट सुरळीत करावे” असं लिहिलं होतं. आम्ही तो बदलून घेतला : “बिघाडाची नोंद झाल्यापासून किती तासांत दुरुस्ती करणार आणि ती कोण करणार, हे लेखी कळवावे.” ‘सुरळीत’ या शब्दावर कुणालाही जाब विचारता येत नाही. त्या महिन्यात माळेतल्या आणखी तीन ग्रामपंचायतींनी तोच ठराव केला.

कोण दुरुस्त करणार, हाच खरा गुंता होता. महाराष्ट्रात भारतनेटचं काम पहिल्या टप्प्यात केंद्राच्या यंत्रणेने केलं, दुसऱ्या टप्प्यात बऱ्याच तालुक्यांत राज्याच्या यंत्रणेने. तार एकाने टाकलेली, देखभालीचा ठेका दुसऱ्याला, त्याने तो तिसऱ्याला दिलेला. शिवाय जुन्या वापरातल्या तारेला नवी जोडून पुढे नेलेली. एका कार्यालयात गेलो की ते दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. ती बोटं दाखवण्यात आमच्या चार नाशिक वाऱ्या झाल्या. एका वारीला अंगणवाडीताई सोबत होती, तिने सीबीएसला, नाशिकच्या एसटी स्थानकात, परत आल्यावर फक्त एवढंच म्हटलं, “आज माझे दीडशे रुपये आणि एक दिवस गेला, आणि मला एक फोन नंबर मिळाला.” तो नंबर बंद होता.

म्हणून माहितीचा अधिकार वापरला. अर्ज मराठीत चालतो, कायद्यातच तसं आहे. शुल्क १० रुपये. काकांनी बजावलं होतं की ‘का’ विचारू नका, कागद मागा. आम्ही मागितलं : आमच्या तालुक्यातल्या या ग्रामपंचायतींच्या जोडणीची देखभाल कुणाकडे आहे त्या कराराची प्रत, १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात प्रत्येक ग्रामपंचायतीचा डबा किती तास चालू होता याची यंत्रणेतली नोंद, आणि त्या काळातल्या दुरुस्त्यांची यादी. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नये. कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. आमचाही फिरला. ३० दिवसांत उत्तर आलं ते अर्धंच. पहिलं अपील केल्यावर तासांची नोंद मिळाली.

ती मिळाली त्या दिवशी आम्ही केंद्रात कंदिलासारख्या टॉर्चच्या उजेडात बसून वही आणि छापील तक्ता ओळ-ओळ लावून पाहिले. ऑगस्टमधले लाल दिव्याचे जे तास आमच्या वहीत होते, ते तक्त्यात जवळजवळ तसेच होते. म्हणजे वर दिसत होतं. सगळं दिसत होतं. फक्त त्या नोंदीवरून गाडी निघत नव्हती. मला त्या रात्री राग यायला हवा होता, पण आलं ते बळ. आता आमच्या मास्तरांची सही आणि सरकारी तक्ता एकच सांगत होते.

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायच्या ठरलेल्या दिवसाचा अनुभवही लिहायला हवा, कारण त्यात आम्ही ठेचकाळलो. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. आधी तालुक्याला अर्ज, तिथे निकाल लागला नाही तर जिल्ह्याला. आम्ही चार गावांच्या वतीने एक जाडजूड निवेदन नेलं आणि ते परत आलं : तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. मग आम्ही निवेदन बाजूला ठेवलं आणि बायांनी एकेकीने स्वतःचा अर्ज लिहिला. अमुक तारखेला मी माझ्या मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी केंद्रात गेले, नेट बंद, पुन्हा गेले, बंद, प्रवेशाची तारीख गेली. अमुक तारखेला माझा अंगठा लागला नाही, रेशन मिळालं नाही. वीस-बावीस अर्ज झाले. निवेदनात आम्ही जे सांगू शकलो नव्हतो, ते या अर्जांनी सांगितलं. मग मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, १५ ऑक्टोबरपासून निकालापर्यंत सगळं थांबलं. जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला आम्ही उभ्या राहिलो तेव्हा जानेवारी २०२५ उजाडला होता.

पण त्याआधी, ऑक्टोबरात, तार तुटलेली जागा आम्ही स्वतःच शोधली होती.

परतीच्या पावसानंतर एका दुपारी आमच्याकडे लाल दिवा लागला. पूर्वी मी टेकडी चढले असते. त्या दिवशी मी मास्तरांच्या गावाला पोराला मोटारसायकलवर पाठवलं. तिथे हिरवा. खाली अंगणवाडीताईकडे लाल, आशाताईकडे लाल. म्हणजे तुटलं होतं ते मास्तरांच्या आणि आमच्या गावाच्या मधे, चार किलोमीटरच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचताई, मास्तर, मी आणि दोन पोरं रस्त्याच्या कडेने चालायला लागलो. गवत कमरेएवढं. नळपाणी योजनेसाठी खणलेला चर रस्त्याला समांतर गेला होता आणि एका मोरीपाशी त्या चरातून काळी केबल दोरीसारखी लोंबत होती. तिचं टोक चिरडलेलं. जेसीबीच्या बादलीचे दात मातीत अजून दिसत होते. पाण्याची पाइप घालताना नेटची तार तोडली गेली होती. त्या बाबांनी ग्रामसभेत विचारलेला प्रश्न, पाणी की नेट, तो असा त्या चरात पडलेला पाहून मला फार वाईट वाटलं. दोन्ही आमच्याच गावासाठी येत होतं. खणण्याआधी एक फोन झाला असता तर दोन्ही टिकलं असतं.

आणि तसा फोन करायची सोय आहे. जानेवारी २०२३ मधल्या नियमांनुसार खोदकाम करणाऱ्याने आधी सूचना देणं बंधनकारक आहे, तोडल्यास भरपाईही द्यावी लागते. त्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. आमच्या ठेकेदाराने त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्याला दोष देत बसण्यापेक्षा आम्ही ग्रामपंचायतीकडून पत्र काढलं : यापुढे गावात खोदकामाचा दाखला देताना या सूचनेची प्रत जोडलेली पाहिजे.

आम्ही मोरीचा फोटो काढला, किलोमीटरच्या दगडापासूनचं अंतर पावलांनी मोजलं आणि वहीच्या पानाच्या फोटोसह पाठवलं. तिसऱ्या दिवशी दोन मुलं जीपमधून आली. त्यांच्याकडे तार जोडायचं यंत्र होतं, छोट्या टपरीच्या गल्ल्याएवढं. केसाएवढ्या काचेच्या तारा साफ करून, यंत्रात समोरासमोर धरून, ठिणगीने सांधतात. पाहायला आख्खं गाव मोरीवर. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, “ताई, आम्हाला तालुक्यावरून सांगतात लाइन डाऊन आहे. कुठे ते आम्ही शोधायचं. माझ्याकडे एवढा मोठा पट्टा आहे, दिवसभर मीटर लावत फिरतो. तुम्ही जागाच दाखवली, दोन तासांत झालं.” त्यांना मिळणारा पगार आणि जीपचं डिझेल यांचं गणित त्याने सांगितलं ते इथे लिहीत नाही, पण ते ऐकल्यावर मला कळलं की आमच्या अकरा दिवसांचं कारण त्या मुलांचा आळस नव्हता. तार टाकायला पैसे मंजूर होतात, तिच्या मागे फिरणाऱ्या माणसासाठी होत नाहीत.

म्हणून आमच्या मोहिमेची मागणी त्यानंतर बदलली. जास्त वेग हवा, असं आम्ही आधी म्हणायचो. वेग हवाच. २००४ मध्ये २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, २०१३ मध्ये ५१२, आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात तर प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस लिहिलेलं आहे. पण लाल दिव्याला वेग नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यातल्या दोन गोष्टी आमच्यासाठी सगळ्यात मोलाच्या आहेत. माळेच्या जागी कडं, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संकेत पोचेल. आणि बांधणाऱ्यानेच पुढची दहा वर्षं देखभाल करायची. जानेवारीत जिल्हाधिकारी कार्यालयात आम्ही उभ्या राहिलो तेव्हा हेच विचारलं : आमच्या तालुक्यातलं कडं कधी, कोणत्या रस्त्याने, आणि तोवर दुरुस्तीची गाडी कुणाची? बोलायला मिळाली जेमतेम पाच मिनिटं. वह्या आणि तक्ता टेबलावर ठेवले. साहेबांनी पानं उलटली, मास्तरांच्या सह्या पाहिल्या आणि संबंधितांना तिथूनच फोन लावला. फेब्रुवारीत मोरीजवळची तार पाइपात घालून नव्याने पुरली गेली. देखभाल करणाऱ्याचं नाव आणि चालू असलेला मोबाइल क्रमांक चारही ग्रामपंचायतींच्या फलकावर लागला. कड्याचं अजून काही झालेलं नाही. त्याचा पाठपुरावा चालू आहे, आणि दर तीन महिन्यांनी तासांची नोंद आम्ही माहितीच्या अधिकारात मागतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली. पुन्हा रांग, पुन्हा ओले पदर. साइट संथ चालायची, ओटीपी उशिरा यायचा, त्याला आमचा इलाज नव्हता. लाल दिवा त्या महिन्यात दोनदा लागला. पहिल्यांदा दीड दिवसात गेला. ती म्हातारी या वेळीही आली होती, तिचं काम पहिल्या फेरीत झालं आणि ती लगेच घरी गेली, विचारायला थांबली नाही.

दुसऱ्यांदा लागला तेव्हा मी नाशिकला होते, लेकीच्या कॉलेजच्या कामाला. आशाताईचा फोन आला. ती टेकडीवर चढून बोलत होती, वारा ऐकू येत होता.

“ताई, माझ्याकडे लाल आहे. तुमच्या पोरानं बघितलं, तुमचा हिरवा.”

“आणि अंगणवाडीताईचा?”

“तिचा पण हिरवा. म्हणजे तिच्या-माझ्या मधलं. ओढ्यावरच्या पुलाजवळ काल रस्त्याचं मशीन आलं होतं. मी जाते बघायला. तुम्ही त्या मुलाला फोन करून ठेवा.”

मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला होता.